पासवर्डची नोंद नाही

संगणकाचा तास सुरू झाला की आमच्या शाळेत पहिली पाच मिनिटं तारीख घालण्यात जातात. फळ्यावर नाही, संगणकात. निम्मी यंत्रं जुनी. मदरबोर्डवर घड्याळ चालतं ठेवणारा जो बटणाएवढा सेल असतो, तो केव्हाच मेलेला. त्यामुळे रात्री मेन स्विच पाडला की सकाळी एक यंत्र १ जानेवारी २००९ला जागं होतं, शेजारचं २०१२ला. मुलं ब्राउझर उघडतात आणि पडद्यावर इशारा येतो की हे कनेक्शन सुरक्षित नाही, कुणी तुमची माहिती चोरत असेल. "सर, याच्यात चोर आहे म्हणते," असं आठवीतल्या एका पोरीनं मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. चोर वगैरे कुणी नव्हता. संकेतस्थळाचं प्रमाणपत्र यंदाचं आणि यंत्राचं साल २००९. जे प्रमाणपत्र आपल्या हिशेबानं अजून निघालंच नाही, त्यावर यंत्र विश्वास तरी कसा ठेवणार?

खरं तर संगणकाला स्वतःचं घड्याळ स्वतः लावून घेता येतं. जगाला वेळ सांगणारे सर्व्हर इंटरनेटवर आहेत. डेव्हिड मिल्स या अमेरिकन संशोधकानं १९८५च्या सुमारास त्यासाठीची रीत घालून दिली, तीच आजही चालते. यंत्र विचारतं, किती वाजले? उत्तर येतं, घड्याळ जुळतं. हा प्रश्न बाहेर पडतो तो १२३ क्रमांकाच्या दारातून. या दारांना पोर्ट म्हणतात. आमच्या राउटरवर वेबसाइटसाठीची ८० आणि ४४३ आणि पत्ता शोधणारं ५३, एवढी तीन दारं उघडी आहेत, बाकी सगळी बंद. कुणी बंद केली? जोडणी करून गेलेल्या माणसानं. का? "वरूनच तसं आहे." बरं, सेलच बदलावा, पंचवीस-तीस रुपयांचा तर येतो, घड्याळवाल्याकडेही मिळतो. पण कॅबिनेटवर पुरवठादाराचं सील आहे आणि सील तुटलं तर जबाबदारी शाळेची. म्हणून आम्ही रोज तारीख घालतो.

पांढरकवड्याच्या पलीकडे, तेलंगणाच्या हद्दीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची शाळा आहे. मी विज्ञान शिकवतो आणि संगणक कक्षाची किल्ली माझ्याकडे असते. किल्ली म्हणजे दाराची. आतल्या राउटरची नाही. तो राउटर डेडस्टॉक रजिस्टरमध्ये रीतसर चढवलेला आहे, अनुक्रमांक आहे, किंमत आहे, मुख्याध्यापकांची सही आहे. पासवर्ड नाही.

शाळेच्या नेटबद्दल शिक्षकांच्या तक्रारी दोनच असतात. एक, "लय स्लो आहे." दुसरी, "हे ओपनच होत नाही." पहिल्या तक्रारीला उत्तर मिळतं की लाइन जाड करून देऊ. दुसरीला उत्तर मिळतं की सुरक्षेसाठी आहे. दोन्ही उत्तरं ऐकायला रास्त वाटतात, म्हणून त्यांची गाठ कुणी घालत नाही. माझं म्हणणं असं की ही एकच तक्रार आहे. नेट हळू चालतं आणि दारं बंद राहतात याचं मूळ एकाच जागी आहे: जिथं नेट वापरलं जातं तिथं त्याबद्दलचा कुठलाच निर्णय घेतला जात नाही.

हळूचा हिशेब आधी करू. आमच्याकडे प्रत्यक्षात मिळणारा वेग सेकंदाला दहा मेगाबिटच्या आसपास. बिट आणि बाइट यांत आठपटींचा फरक असतो, म्हणजे दहा मेगाबिट हे सेकंदाला सव्वा एमबी झाले. विंडोजचं एखादं मोठं अपडेट चार जीबीचं असतं. एका यंत्रावर ते उतरायला त्रेपन्न मिनिटं लागतील. आमच्या नव्या दहा यंत्रांवर विंडोज आहे आणि दहाही यंत्रं तेच अपडेट आपापलं वेगळं उतरवत बसतात. जवळपास नऊ तास. शाळा साडेदहा ते पाच. म्हणजे ते एका दिवसात पुरं होतच नाही, आणि तेवढ्या दिवसात वर्गातल्या पोरांना पडद्यावर फक्त गोल फिरताना दिसतं.

आता यातली गंमत पाहा. विंडोजमध्ये एक सोय असते: एका यंत्रानं उतरवलेलं अपडेट शेजारच्या यंत्रानं त्याच्याकडून घ्यायचं, बाहेर जायचंच नाही. ही देवाणघेवाण ७६८० क्रमांकाच्या पोर्टवरून होते. पण आमच्याकडे वायरिंगचा खर्च वाचवायला संगणक वाय-फायवर जोडले आणि वाय-फायवर ‘क्लायंट आयसोलेशन’ चालू ठेवलं. म्हणजे एकाच खोलीतल्या, एकाच बाकावरच्या दोन यंत्रांनाही एकमेकांशी बोलायला मनाई. सुरक्षा म्हणून. बसस्थानकावरच्या फुकट वाय-फायला हा नियम बरोबर आहे, तिथं शेजारी कोण बसलाय ठाऊक नसतं. शाळेत शेजारी कोण बसलाय हे हजेरीपटावर असतं. दार सुरक्षेसाठी बंद केलं आणि त्यामुळेच डाउनलोड नऊ तासांवर गेलं. वेगाची तक्रार करणाऱ्याला हे कुणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्याला ते दिसत नाही आणि ज्याला दिसतं त्याच्याकडे पासवर्ड नाही.

दुसरं कारण आणखी जवळचं आहे. सरकारी आणि अनुदानित शाळेतलं नेट मुख्यतः खाली आणण्यासाठी नसतं, वर पाठवण्यासाठी असतं. २०१५पासून विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदींचं ‘सरल’ आलं, शिक्षकांचे पगार ‘शालार्थ’वर, सरकारच्या शाळा-गणतीची म्हणजे यू-डायसची माहिती, पोषण आहाराची रोजची नोंद, कार्यक्रमांचे फोटो. आमची लाइन उतरायला दहा मेगाबिटची असली तरी चढायला एकाच मेगाबिटची. दुपारी कुणी गुरुजी चार-चार एमबीचे दहा फोटो वर पाठवायला लागले की पाच मिनिटांहून जास्त वेळ ती चढण भरून जाते. आणि चढण भरली की उतरणही थांबते. हे पुष्कळांना पटत नाही, म्हणून सांगतो. इंटरनेटवर पलीकडचा सर्व्हर थोडी थोडी माहिती पाठवतो आणि आपलं यंत्र प्रत्येक खेपेची पोच देतं. पोच मिळाली की पुढची खेप. ही पोच फोटोंच्या रांगेत मागे उभी राहिली तर पलीकडच्याला वाटतं, माल पोचला नाही, जरा दमानं घेऊ. खिचडीच्या फोटोमागे दहावीचा व्हिडिओ अडकतो तो असा.

यावर उपाय जाड तार नाही हे जगाला फार पूर्वी कळलं आहे. ऑक्टोबर १९८६मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलेच्या विद्यापीठात आणि तिथल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत एक प्रकार घडला. दोन जागांमधलं अंतर जेमतेम चारशे यार्ड. त्यांच्यामधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. तार तीच, यंत्रं तीच. व्हॅन जेकबसन यांनी शोध घेतला तेव्हा कळलं, प्रत्येक यंत्र पोच न मिळाल्यामुळे तोच माल पुन्हा पुन्हा रेटत होतं आणि रेटारेटीनंच रस्ता बंद पडत होता. त्यांनी तार बदलली नाही. यंत्रांना कधी थांबायचं ते शिकवलं, आणि १९८८मधल्या निबंधात ते मांडलं. पुढे रांगच लहान ठेवणारी, पोचेसारख्या छोट्या पाकिटांना आधी जाऊ देणारी युक्तीही निघाली. साध्या राउटरमध्येही ती आता मिळते. चालू करायला एक खूण करावी लागते. खूण करायला पासवर्ड लागतो.

वापर एकाचा आणि ताबा दुसऱ्याचा, हे यवतमाळ जिल्ह्याला नवं नाही. आमच्याकडे शकुंतला होती. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटरची अडीच फुटी रूळांची गाडी, १९९४पर्यंत वाफेवर चाललेली. प्रवासी तिच्यावर प्रेम करत, चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढत, हे सगळं खरं. पण किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं ती टाकली ती कापूस बाहेर नेण्यासाठी. मूर्तिजापूरला रूळ बदलत, अरुंद रूळावरच्या गाठी रुंद रूळावरच्या डब्यात चढवाव्या लागत, आणि पुढे मुंबई. शकुंतलेचं हळू चालणं सगळ्यांनी पाहिलं, त्यावर विनोद झाले. मला त्याहून बोलकी वाटते ती तिच्या मालकीची कहाणी. स्वातंत्र्यानंतर कित्येक दशकं गाडी चालवायची भारतीय रेल्वेनं आणि रूळांची मालकी कंपनीची. रूळ सुधारायचे कुणी, हा प्रश्न दोघांच्या मध्ये पडून राहिला. ज्याचा रोजचा प्रवास त्याचा त्यात शब्दच नव्हता.

राज्यातल्या माध्यमिक शाळांत संगणक कक्ष आले ते केंद्राच्या आयसीटी योजनेतून, आणि तेही ‘बूट’ पद्धतीनं: कंपनीनं उभं करायचं, ठराविक वर्षं चालवायचं, मग शाळेच्या ताब्यात द्यायचं. करार संपला की यंत्रं शाळेची झाली. यंत्रं म्हणजे लोखंड. ती कशी लावली आहेत, कुठलं दार का बंद आहे, हे ज्याच्या डोक्यात होतं तो माणूस कराराबरोबर गेला. ताबा देण्याच्या कागदावर टेबल-खुर्च्यांचा आकडा असतो, त्या डोक्यातल्या गोष्टीला रकाना नसतो.

सरकार दरबारी मोजदाद होते ती जोडणीची. भारतनेटची मूळ योजना ऑक्टोबर २०११मध्ये मंजूर झाली, २०१५मध्ये तिला आजचं नाव मिळालं, अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं ठरलं. २०२४-२५च्या यू-डायस प्लस अहवालात देशातल्या ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट असल्याची नोंद आहे. २०२५च्या अर्थसंकल्पात सर्व सरकारी माध्यमिक शाळांना ब्रॉडबँड देण्याची घोषणा झाली. ब्रॉडबँड म्हणजे किती, याची व्याख्याही २०२३मध्ये सेकंदाला ५१२ किलोबिटांवरून दोन मेगाबिटांवर नेली. हे सगळं चांगलंच आहे. पण आमची शाळा त्या ६३.५ टक्क्यांत आहे, आणि आमच्याकडे सकाळी २००९ साल असतं.

आमच्याच विभागात, मेळघाटातलं हरिसाल २०१६मध्ये ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजलं. मायक्रोसॉफ्टनं तिथं टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून नेट पोचवलं होतं. २०१९च्या लोकसभेच्या प्रचारात राज ठाकरे यांनी ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत त्याच हरिसालचा फुगा फोडला, सत्ताधाऱ्यांनी उलट व्हिडिओ काढले. महिनाभर महाराष्ट्र एकाच प्रश्नावर भांडला: तिथं नेट आहे की नाही? आहे तर ते कुणाच्या हातात आहे, बंद पडलं तर गावातला कोण ते चालू करू शकतो, हे ना इकडच्यांनी विचारलं ना तिकडच्यांनी.

आता दारांकडे येतो. प्रत्येक यंत्राला असे ६५,५३६ पोर्ट असतात, शून्यापासून ६५,५३५पर्यंत. कुठल्या कामाला कुठला क्रमांक, याची यादी जॉन पोस्टेल यांनी १९७२पासून ठेवायला घेतली. त्या यादीतल्या २२ क्रमांकाची गोष्ट मी दरवर्षी नववीला सांगतो. १९९५मध्ये फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पासवर्ड टिपत होता. ताटू युलोनेन या तिथल्या संशोधकानं नेटवर्क बंद करा अशी मागणी केली नाही. त्यानं दोन यंत्रांमधलं बोलणं कुलूपबंद करणारी एक पद्धत लिहिली, एसएसएच. मग क्रमांक देणाऱ्या संस्थेला जुलैमध्ये एक साधं पत्र टाकलं की मला २२ मिळेल का. २१ आणि २३च्या मधला हा रिकामा होता. जॉइस रेनॉल्ड्स यांचं उत्तर एका दिवसाच्या आत आलं: घे. आज जगभरातले सर्व्हर याच दारातून सांभाळले जातात. शिक्षणसंस्थेत चोरी झाली, त्यातून एका तरुणानं जगाला कुलूप दिलं. आणि आपल्या शाळांत नेमकं तेच दार बंद असतं, सुरक्षेसाठी.

यावर हमखास येणारा आक्षेप मी हलका धरत नाही. पालक म्हणतात, पोरं काय काय पाहतील. त्यांची भीती खरी आहे. मी बाप आहे, मलाही आहे. पण बंद पोर्ट त्या भीतीला उत्तर देतो का, ते तपासू. रील्स, जुगाराची ॲप्स, अश्लील व्हिडिओ, हे सगळं कुठून येतं? ४४३मधून. त्याच दारातून दीक्षावरचे धडे येतात आणि बालभारतीची पुस्तकं. ते दार बंद करता येत नाही, म्हणून ते सताड उघडं असतं. बंद राहतात ती दारं कुठली? घड्याळ लावणारं १२३. यंत्र दुरून सांभाळणारं २२. आमच्या एका मुलानं कपाशीच्या वावरातला ओलावा मोजणारं यंत्र जोडलं होतं, ते आपला आकडा ज्यातून पाठवतं ते १८८३. त्याचा आकडा शाळेच्या भिंतीपाशी येऊन थांबला. घरी बापाच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तेच यंत्र पहिल्या झटक्यात चाललं. त्या दिवशी तो पोरगा काय शिकला? शाळेत प्रयोग होत नाही, घरी होतो.

संकेतस्थळं चाळणारी गाळणीही हवीच, पण तिलाही कुणीतरी जागं राहून सांभाळावं लागतं. शब्द पाहून अडवणारी गाळणी दहावीच्या विज्ञानातल्या प्रजननाच्या पाठालाही अडवते. १९९६मध्ये एओएल या कंपनीच्या गाळणीनं इंग्लंडमधल्या स्कंथॉर्प गावच्या लोकांना खातंच उघडू दिलं नाही, कारण गावाच्या नावात एक वाईट शब्द दडलेला होता. अमेरिकेनं २०००मध्ये शाळा-ग्रंथालयांत गाळणी बसवण्याचा कायदा केला, तोही चांगला कडक. पण त्यातही अभ्यासाच्या खऱ्या कामासाठी गाळणी बाजूला करण्याची मुभा ठेवली. म्हणजे कुलूप लावतानाच किल्ली कुणाकडे असावी याचा विचार झाला.

आणि भीतीपोटी दार लावून घेतल्यावर काय होतं, हे यवतमाळकरांना निराळं सांगायला नको. जानेवारी २०१९मध्ये इथं ९२वं साहित्य संमेलन भरलं. लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटनाला बोलावलं आणि विरोध होईल म्हणून ऐनवेळी नको म्हटलं. त्यांनी भाषण आधीच पाठवलेलं होतं. ते मराठीत घरोघर वाचलं गेलं, मंडपात झालं असतं त्याच्या कितीतरी पटीनं. मी स्वतः ते व्हॉट्सॲपवर वाचलं. दार मंडपाचं होतं, वाट दुसरीकडून निघाली.

केरळनं वेगळं केलं. तिथं २००१पासून शाळांसाठी आयटी@स्कूल हा प्रकल्प आहे, पुढे त्याचं काइट झालं. शाळांना स्वतःची लिनक्स संगणकप्रणाली दिली, ४५ हजार वर्ग हायटेक केले. पण मला हेवा वाटतो तो २०१८मध्ये निघालेल्या ‘लिटल काइट्स’चा. शाळेतली मुलंच संगणकाचं मंडळ चालवतात, यंत्रं उघडतात, जोडतात, बिघाड शोधतात. आपल्याकडे यंत्र उघडलं की सील तुटतं. तिथं यंत्र उघडलं की तास होतो.

मी फार मोठं मागत नाही. राउटरचा पासवर्ड शाळेत असावा, बंद पाकिटात, मुख्याध्यापकांच्या कपाटात, दाखल-खारीज रजिस्टरच्या शेजारी. कुठलं दार का बंद आहे, हे एका कागदावर लिहून राउटरवर चिकटवलेलं असावं, म्हणजे पुढचा माणूस "वरूनच तसं आहे" म्हणणार नाही. एखादा जुना संगणक कोपऱ्यात ठेवून त्यालाच शाळेचं घड्याळ करावं आणि त्याच्यावर धड्यांचे व्हिडिओ, मराठी विकिपीडिया आणि अपडेट एकदाच उतरवून ठेवावीत. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मग जेसीबीनं रस्त्याकडेची केबल तोडली तरी तास बुडत नाही, आणि ती दर पावसाळ्यात तुटतेच. यात जोखीम नाही असं मी म्हणणार नाही. एखादा गुरुजी चुकीचं दार उघडेल. प्रयोगशाळेच्या कपाटात आम्ही तीव्र गंधकाम्ल ठेवतो, त्याची किल्लीही माझ्याकडेच आहे. ती माझ्याकडून काढून घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवावी, असं आजवर कुणाला सुचलेलं नाही.

गेल्या मार्चमध्ये डेडस्टॉकची तपासणी झाली. राउटरच्या नोंदीपुढच्या शेऱ्याच्या रकान्यात मी लिहून ठेवलं होतं, ‘पासवर्ड प्राप्त नाही’. तपासणीला आलेल्या साहेबांनी ते वाचलं. चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. मग खाली सही केली आणि पुढच्या नोंदीवर बोट ठेवलं. टेबल, लाकडी, नग दोन.